नागोजी अण्णा आणि डावीकडची पेन्सिल

आमचे घरमालक नागोजी अण्णा नवं सॉफ्टवेअर विकत घेतलं की सगळ्यात आधी कॉम्प्युटरचं कॅलेंडर दहा वर्षं पुढे नेतात. मग इंटरनेटची वायर उपटतात, खुर्ची दोन हात मागे घेतात आणि ते सॉफ्टवेअर उघडतं का ते बघतात. उघडलं तर आणखी दहा वर्षं पुढे जातात. तिथेही उघडलं तर उठून स्वतःच्या हाताने कॉफी करून आणतात आणि पडद्याकडे बघत ती पितात. मुलीच्या बापाने होणाऱ्या जावयाकडे बघावं तसं. म्हणजे पुरता विश्वास अजून नाही, पण खोडही सापडत नाही.

कॅलेंडर परत जागेवर आणायचं मात्र ते हमखास विसरतात. त्यामुळे मी या घरात राहायला आले तेव्हा त्यांनी छापून दिलेल्या भाडेकरारावरची तारीख अजून उगवायची आहे. तो कागद पत्त्याचा पुरावा म्हणून मी बँकेत दिला. काउंटरवरच्या बाईंनी तो वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला, आणि मग शांतपणे विचारलं की तोपर्यंत तुम्ही कुठे राहणार आहात.

मी नागपूरची. बेंगळुरात ऑफिस के. आर. पुरमच्या पलीकडे आणि राहते गावाच्या दुसऱ्या टोकाला चामराजपेटेत, म्हणजे रोज दोन मेट्रो बदलायच्या. ऑफिसातल्या लोकांना हे कोडं सुटत नाही. कारण एवढंच, की घर शोधत हिंडताना एका फाटकाशी एक गृहस्थ रिक्षावाल्याशी कन्नडमध्ये भांडत होते. भांडण संपल्यावर ते स्वतःशीच मराठीत काहीतरी पुटपुटले, आणि मी तिथेच थांबले. वरच्या मजल्यावरची खोली रिकामी होती. आमचे पूर्वज इथे घोड्यावरून आले, तुम्ही विमानाने आला, तेवढाच फरक, असं म्हणून त्यांनी मला किल्ली दिली. चारशे वर्षं बेंगळुरात राहिल्यामुळे त्यांच्या मराठीत थोडं म्हणजे 'स्वल्प' आणि बरं म्हणजे 'सरी' झालंय. महाराष्ट्रातून आलेला प्रत्येक माणूस त्यांच्या लेखी पुणेकर. मी नागपूरची आहे हे मी त्यांना चार वेळा सांगितलं. शेवटी ते म्हणाले, "सरी. म्हणजे पुण्याच्या स्वल्प पुढे."

अण्णांचा धंदा लग्नपत्रिकांचा. तीस-एक वर्षं ते एका छापखान्यात कंपोझिंगला होते, आधी शिशाचे खिळे जुळवत आणि नंतर कॉम्प्युटरवर. छापखाना बंद पडल्यावर त्यांनी घरातल्याच पुढच्या खोलीत टेबल मांडलं. कन्नड, तमिळ, तेलुगू, मराठी, कुठल्याही भाषेतला 'श्री' ते सुबक काढून देतात. त्यांच्या पत्नी सरोजा अक्का आतल्या खोलीत दुसऱ्या कॉम्प्युटरवर बसलेल्या असतात. दाराकडे पाठ, पांढऱ्या केसांचा छोटा अंबाडा, हातात माउस. पत्रिकेभोवतीच्या वेली, पानं, मोर सगळं त्या काढतात, असं मला पहिल्याच दिवशी अभिमानाने सांगण्यात आलं होतं. जाता-येता मी दारातून डोकावले की त्या वळून हसायच्या आणि विचारायच्या, "कधी आलीस?" मी म्हणायचे, "आत्ताच." मला हा बोलण्याचा एक प्रेमळ प्रकार वाटायचा.

राहायला येऊन आठवडा झाला असेल. अण्णांनी विचारलं, ऑफिसात नेमकं काय करता. मी सांगितलं की आमची कंपनी सॉफ्टवेअर विकते, आणि ज्याने पैसे भरलेत तोच माणूस ते वापरतोय ना, हे तपासणारा जो भाग असतो तो आमची टीम लिहिते. अण्णांनी हातातला पेला खाली ठेवला.

"म्हणजे कुलूप," ते म्हणाले.

मी म्हटलं, कुलूपच असं नाही, आपलं तपासणी. त्या संध्याकाळी ते अंगणात बराच वेळ फेऱ्या मारत होते, आणि मला ठेवावं की काढावं याचा विचार चालू आहे हे वरून दिसत होतं. दुसऱ्या दिवशी निकाल लागला. राहा, पण माझ्या कॉम्प्युटरला हात लावायचा नाही.

आता मला वाटलं होतं की कुलपाचा इतका राग असणारा माणूस म्हणजे फुकट्या असणार. कोणाकडून तरी चोरीची कॉपी आणायची आणि वापरायची, असे लोक मी खूप पाहिलेत; आमची नोकरी त्यांच्याच जिवावर चालते. पण अण्णांना चोरीचंही चालत नाही. त्यांना सॉफ्टवेअर पूर्ण किंमत मोजून, रीतसर पावती घेऊन विकत हवं असतं. आणि त्याला कुलूप नको असतं. किल्लीचे पंचवीस आकडे नकोत, लॉगिन नको, महिन्याचं वर्गणीचं प्रकरण नको, आणि मधूनच झोपेतून उठून कंपनीला 'हा माणूस खरा का' असं विचारणं तर मुळीच नको. त्यांचं एक ठरलेलं वाक्य आहे: "विकत म्हणजे विकत."

हे वाक्य दुसऱ्या माणसाला समजावून सांगणं किती अवघड आहे हे मला कॉम्प्युटरच्या बाजारात कळलं. एका शनिवारी ते मला बरोबर घेऊन गेले. कुलूपवाली बाई सोबत असली तर दुकानदार फसवणार नाही, असा हिशेब असावा. जुन्या सॉफ्टवेअरवर 'दसऱ्यानंतर बंद' अशी सूचना यायला लागली होती, म्हणून त्यांना वेलबुट्टी काढायचं नवं सॉफ्टवेअर दसऱ्याच्या आत हवं होतं. दुकानदाराने आधी वर्षाच्या वर्गणीचं दाखवलं. अण्णा नको म्हणाले. दुकानदाराने इकडेतिकडे बघून आवाज खाली आणला आणि पेन ड्राइव्हवरची एक फुकटची कॉपी पुढे केली. अण्णा तीही नको म्हणाले, आणि जरा दुखावले. दुकानदार गोंधळला. फुकट नको, वर्गणीचं नको, मग तुम्हाला हवंय तरी काय, असं त्याने मलाच विचारलं, कारण अण्णांना विचारून काही हाती लागेल असं त्याला वाटेना.

"मी नारळ घेतला," अण्णा त्याला समजावू लागले, "तर नारळवाला महिन्याने घरी येऊन विचारतो का, कोण खोबरं खातंय म्हणून?"

दुकानदार म्हणाला, आम्ही नारळ ठेवत नाही.

परतताना मी म्हटलं, अण्णा, जग बदललं, आता कोणी काही विकत नाही, सगळे वापरायला देतात. त्यांनी ऐकून घेतलं. मग घरी येऊन त्यांनी त्यांच्या जुन्या सॉफ्टवेअरच्या कंपनीला फोन लावला आणि मला ऐकू यावं म्हणून आवाज मोठा ठेवला. पलीकडची मुलगी फार नम्र होती. तिने सांगितलं की सर, तुम्ही वापरताय ती आवृत्ती आता बंद होतेय, नवीन घ्या, दर महिन्याला पैसे भरा आणि रोज लॉगिन करा. अण्णांनी विचारलं, आणि मी दहा वर्षांपूर्वी विकत घेतलं ते? ती म्हणाली, सर, तेव्हा तुम्ही ते विकत घेतलं नव्हतं, वापरायचा परवाना घेतला होता. अण्णांनी विचारलं, उद्या तुमची कंपनीच बंद पडली तर? ती म्हणाली, आमची कंपनी बंद पडणार नाही. यावर अण्णा हळू आवाजात म्हणाले, "आमचा छापखाना पण असंच म्हणायचा, अम्मा." मग फोन ठेवला. मला अपराधी वाटलं. का, ते कळलं नाही. ती कंपनी आमची नव्हती.

त्यानंतर पत्रव्यवहार सुरू झाला. जगाच्या पाठीवर चित्र काढायचं सॉफ्टवेअर जिथे जिथे तयार होतं तिथे तिथे अण्णांनी ईमेल पाठवायचं ठरवलं, आणि इंग्रजी तपासायचं काम माझ्याकडे आलं. पत्रात प्रश्न होते. पैसे एकदाच घेणार का? इंटरनेट नसताना चालेल का? कॉम्प्युटर मेला आणि दुसरा घेतला तर तुम्हाला न विचारता घालता येईल का? इथवर ठीक होतं. असे प्रश्न विचारणारे हौशी लोक असतात. पण पुढचे दोन मला समजेनात. घरातल्या दुसऱ्या माणसाने उघडलं तर ते त्याची ओळख विचारेल का? आणि शेवटचा, जाड अक्षरात: पेन्सिलीचं चित्र पडद्यावर डावीकडे आहे का, आणि ते कायम डावीकडेच राहील का?

मी म्हटलं, हा शेवटचा काढून टाकू या, लोक हसतील. अण्णा म्हणाले, हसू दे, तो राहू दे.

बहुतेक ठिकाणांहून यंत्राने लिहिलेली उत्तरं आली. तुमचं मत आमच्यासाठी मोलाचं आहे वगैरे. एका कंपनीने त्यांना डाव्या हाताने काम करणाऱ्या कलाकारांच्या कार्यक्रमाचं आमंत्रण पाठवलं. आणि मग एके दिवशी युरोपातल्या कुठल्याशा थंड गावातून एका माणसाचं उत्तर आलं. हा गृहस्थ एकटाच, घरून, चित्र काढायचं एक छोटं सॉफ्टवेअर तयार करून विकत होता. त्याने लिहिलं होतं: एकदाच पैसे. किल्ली नाही, लॉगिन नाही. फाइल तुमची, हव्या तितक्या कॉपी काढून ठेवा. मी उद्या मेलो तरी चालेल. पेन्सिल वरच्या पट्टीत आहे. हा प्रश्न मला आजवर कोणी विचारला नव्हता.

अण्णांनी त्याच दिवशी ते विकत घेतलं. मंगळवार होता. ते आतल्या खोलीतल्या, म्हणजे अक्कांच्या कॉम्प्युटरवर चढवलं, वायर उपटली, कॅलेंडर दहा वर्षं पुढे नेलं, मग वीस. उघडलं. मी अभिनंदन करायला गेले तर ते गालाला हात लावून बसलेले. पेन्सिल वर होती. मी जरा वैतागूनच विचारलं की अण्णा, चार बोटं वर असली तर काय बिघडतं, दोन दिवसांत सवय होईल. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मला एकदम पुण्याची असल्यासारखं वाटलं.

"सवयच तर," ते म्हणाले, आणि पडद्याकडे वळले.

दुसऱ्या दिवशी बुधवार. बुधवारी मी घरून काम करते आणि अण्णा होसकोट्याला जातात. तिथल्या कारखान्यांच्या भागात त्यांच्या एका जुन्या सहकाऱ्याचा छापखाना आहे. दुपारी बाराच्या सुमाराला खालून हाक आली. अक्का कधी हाक मारत नाहीत, म्हणून मी धावतच गेले.

त्या कॉम्प्युटरसमोर बसल्या होत्या. पडद्यावर त्यांचं नेहमीचं जुनं सॉफ्टवेअर होतं आणि त्याच्या मधोमध एक पांढरी चौकट. आपण कोण आहात याची खात्री करा, अशा अर्थाचं इंग्रजी. खाली नाव टाकायची जागा. अशा चौकटी मी रोज बनवते. ओळखीचं माणूस भेटावं तसं मला ते दिसलं.

"हे विचारतंय मी कोण," अक्का म्हणाल्या. "मी सरोजा लिहिलं. नाही म्हणतंय."

मी म्हटलं, अक्का, ते तसलं नाव नसतं, राहू द्या. पण त्यांचं लक्ष नव्हतं. त्यांनी एकेक अक्षर शोधत माहेरचं नाव टाकलं. चौकट थरथरली आणि तांबडी झाली. त्यांनी नुसतं 'अक्का' लिहिलं. पुन्हा तांबडी. मग त्या माझ्याकडे वळल्या. त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं.

"तुला ठाऊक आहे का गं, मी कोण?" त्यांनी विचारलं. आणि जरा थांबून, "आणि तू कोण?"

मी त्यांना खुर्चीवरून उठवून ओसरीवर आणलं, पाणी दिलं, आणि अण्णा येईपर्यंत आम्ही दोघी समोरच्या बदामाच्या झाडाची पानं मोजत बसलो. त्या मोजत होत्या आणि विसरून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करत होत्या.

अण्णा आले. हातातली कागदी पिशवी त्यांनी भिंतीशी ठेवली, आत गेले, चौकट बघितली. मग त्यांची नजर पडद्याच्या कोपऱ्यातल्या तारखेवर गेली. आदल्या दिवशी पुढे नेलेलं कॅलेंडर तसंच राहिलं होतं. जुन्या सॉफ्टवेअरला वाटलं, वीस वर्षं झाली, आता विचारलं पाहिजे. अण्णांनी तारीख बघितली, मग माझ्याकडे बघितलं. मी दुसरीकडे बघितलं. असं कुलूप एकदा पडलं की कॅलेंडर मागे आणून निघत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. तसं न निघण्याची व्यवस्था आम्हीच करतो.

अक्का दुपारी झोपल्यावर त्यांनी मला सांगितलं. तीन वर्षं झाली. आधी भांड्यांच्या जागा गेल्या, मग रस्ते, मग माणसं. डॉक्टर म्हणतात, हळूहळू जाणार, परत येणार नाही. पण वेल काढायला बसल्या की हात चुकत नाही. माउस हातात घ्यायचा, डावीकडे न्यायचा, पेन्सिल उचलायची आणि पान काढायचं, हे डोक्याने नाही, मनगटाने लक्षात ठेवलंय. रोज तीन-चार तास त्या तिथे असतात, आणि तेवढा वेळ त्या पूर्वीच्याच असतात. पेन्सिल जागेवर नसली तर हात डावीकडे जाऊन चाचपडतो, आणि मग उठून घरभर हिंडतात.

"येणारं प्रत्येक माणूस तिला एकच विचारतं," अण्णा म्हणाले. "ओळखलं का मला, ओळखलं का मला. मुलगासुद्धा फोनवर पहिलं तेच. तिला उत्तर येत नाही, घाबरते. म्हणून मी लोकांचं येणं बंद केलं. माणसांना फाटकातून परत पाठवता येतं, पुणेकर. पण यंत्रच विचारायला लागलं तर मी काय करू?"

आठ वर्षं मी हे काम करतेय आणि चौकटीच्या पलीकडे एक चोर बसलेला असतो, एवढंच मला शिकवलेलं होतं.

जुन्या कंपनीला मी स्वतः फोन केला, माझ्या ऑफिसचा दाखला दिला, धंद्यातली भाषा वापरली. काही उपयोग झाला नाही. ती आवृत्ती आता उघडून देता येत नाही, नवीन घ्या, लॉगिन करा. मग मी त्या थंड गावातल्या गृहस्थाला पत्र लिहिलं. या वेळी अण्णांच्या वतीने नाही, माझ्या. पेन्सिलीचं खरं कारण सांगितलं आणि विचारलं की ती डावीकडे आणायला काय खर्च येईल.

त्याचं उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी आलं. दोनच ओळी. पट्टीची मांडणी एका साध्या फाइलमध्ये लिहिलेली आहे, तिला कुलूप नाही, हवी तशी बदलून घ्या. त्यांना मोर आवडतात का?

त्या शुक्रवारी मी रजा टाकली. अण्णांनी मला त्यांच्या कॉम्प्युटरला हात लावायची परवानगी दिली, ती नुसती खुर्ची पुढे सरकवून. ती फाइल मी उघडली. इतकी वर्षं दुसऱ्यांची सॉफ्टवेअरं माझ्यासमोर बंद पेटीसारखी असायची. ही नुसती वहीसारखी उघडली. जुन्या पडद्याचा अण्णांनी छापून ठेवलेला एक फोटो होता. तो शेजारी धरून मी पेन्सिल डावीकडे आणली, तिच्याखाली खोडरबर, त्याखाली रंगांची डबी. अण्णा मागे उभे राहून सांगत होते, स्वल्प वर, स्वल्प खाली. पार्श्वभूमीचा राखाडी रंग जमायलाच एक तास गेला. मग त्या कॉम्प्युटरवर कोणी कधी कॅलेंडरला हात लावू नये म्हणून मी ते आजच्या तारखेवर आणून घट्ट बंद करून ठेवलं. म्हणजे शेवटी एक कुलूप मी घातलंच.

अक्का येऊन बसल्या. आम्ही दोघं दारात उभे. त्यांनी माउस धरला, हात डावीकडे गेला. पेन्सिल तिथे होती. त्यांनी ती उचलली आणि एक पान काढलं. मग त्याला लागून दुसरं. अण्णांनी दाराची चौकट धरली होती ती सोडली आणि कॉफी करायला निघून गेले.

सोमवारी ऑफिसच्या मीटिंगमध्ये मी सुचवलं की आपल्या चौकटीतलं 'आम्ही तुम्हाला ओळखलं नाही' हे वाक्य काढू या. साहेबांनी विचारलं, का. मी म्हटलं, काही लोकांना ते खरं वाटतं. खूप चर्चा होऊन त्या जागी 'इंटरनेट तपासा' असं टाकायचं ठरलं. एवढंच जमलं.

त्या बुधवारी अण्णा होसकोट्याहून परत आले तेव्हा मी फाटकाशीच होते. कागदी पिशवी फाटली आणि त्यातून एकच पत्रिका खाली पडली. मी उचलून दिली. सुंदर होती, कडेने अक्कांची वेल, वर दोन मोर. मी विचारलं, बाकीच्या कुठे आहेत. अण्णा घुटमळले. बाकीच्या नव्हत्याच. गेली दोन वर्षं अक्कांच्या वेली कोणी मागत नाही. लोक फोनवर तयार नमुने घेऊन येतात आणि अण्णा फक्त अक्षरं जुळवून देतात. पण काढलेल्या वेलीची पत्रिका छापून आली नाही तर अक्का विचारतात, नापसंत झाली का. म्हणून अण्णा दर बुधवारी होसकोट्याला जाऊन एक प्रत छापून आणतात. वर, वधू, मुहूर्त सगळं मनाने लिहायचं. अक्का ती हातात घेतात, कागद चोळून बघतात, कोणाचं लग्न ते वाचतात आणि संध्याकाळपर्यंत विसरतात.

"नावं संपली हो माझी," अण्णा म्हणाले. "शंभरावर लग्नं लावली. पुढच्यासाठी दोन द्या."

मी आमच्या टीममधल्या प्रतीक आणि सुचरिताची नावं दिली. दोघं मीटिंगमध्ये एकमेकांशी बोलत नाहीत. पुढच्या बुधवारी पत्रिका आली. मुहूर्त अण्णांनी रविवारचा टाकला होता, सकाळी साडेदहाचा, मंगल कार्यालयाचं नाव त्यांच्या मनातलं.

रविवारी नऊ वाजता मी दूध आणायला खाली उतरले. फाटकाशी अक्का उभ्या होत्या. मोरपंखी रंगाची रेशमी साडी, अंबाड्यात मोगरा, हातात ती पत्रिका. त्यांच्यामागे अण्णा, बनियनवर, एका हातात शर्ट. त्यांचा चेहरा मला वाचता येईना. घाबरले होते की काय, कळत नव्हतं.

"ही पण येतेय," अक्का मला बघून म्हणाल्या. "आवर गं लवकर. मुलीकडची माणसं वाट बघत असतील."

मी अण्णांकडे बघितलं. जायचं कुठे, हे त्यांना ठाऊक नव्हतं. तसं कार्यालय या शहरात नव्हतं. त्यांनी शर्टाची बटणं लावायला घेतली आणि एक खाली-वर लावलं. मी दुधाची पिशवी कठड्यावर ठेवली, वर जाऊन होता तो बरा ड्रेस घातला आणि खाली आले. अक्का रिक्षात बसल्या होत्या, साडीच्या निऱ्या सांभाळून. रिक्षावाल्याने कन्नडमध्ये विचारलं, कुठे जायचं. अण्णा रिक्षाच्या दांडीला धरून उभे होते. त्याला उत्तर द्यायचं सोडून ते माझ्याकडे वळले आणि अगदी हळू म्हणाले,

"चार दिवस लक्षात राहिलं हो तिच्या."